अधिकरण

अडचणीच्या प्रसंगी आधी चित्त शांत करावे आणि मग विचारास बसावे, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. परंतु प्रपंचाच्या ओढाताणीत सापडलेल्या मनुष्याने ते शांत करावे कसे, याचे उत्तर मला योगपर ग्रंथांपेक्षा जैमिनींच्या पूर्वमीमांसेत अधिक सापडले, कारण तेथील मांडणी पाळता पाळता शांती विचाराच्या मागोमाग आपोआप येते.

मीमांसक कोणत्याही वादाचे ‘अधिकरण’ मांडतो: प्रथम विषय, मग त्याविषयीचा संशय, नंतर पूर्वपक्ष, त्याचे उत्तर आणि अखेर निर्णय. यज्ञातील विधिवाक्यांसाठी घडलेली ही रीत व्यवहाराला परकी नाही. मूळच्या पैठणच्या, काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठांनी सतराव्या शतकात रचलेला ‘व्यवहारमयूख’ याच शिस्तीत वाढलेला ग्रंथ, आणि त्याचा दाखला पुढे मुंबईच्या हायकोर्टात वारशाच्या तंट्यांत दिला जात असे.

गावी एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईला शहरात आणावे किंवा कसे, हा आज घरोघरचा प्रश्न घ्या. त्रस्त मन निर्णयापासून आरंभ करते आणि मग त्याच्या समर्थनार्थ हकिगती गोळा करते. अधिकरण मांडू लागताच उमगते, की विषय एवढाच आहे: आईला रात्री नीट दिसत नाही आणि सोबतीला कोणी नाही, म्हणजे खरा संशय गाव की शहर हा नव्हेच, सोबत कोठे व कोणाची हा आहे. पूर्वपक्ष मात्र घाईने उरकू नये. आपल्याला न पटणारी बाजू, म्हणजे आईची कैफियत, तिच्याच मुखाने, सर्व तपशिलासह लिहून काढावी: तिचे देवघर, तिचा शेजार, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर कोणाची वाट पाहायची हा तिचा रास्त सवाल. जैमिनींच्या सूत्रांवरील शबरस्वामींच्या भाष्यात पूर्वपक्ष कित्येकदा इतक्या निष्ठेने मांडलेला असतो, की नवशिक्या वाचकास तोच सिद्धान्त वाटावा. माझ्या मते चित्ताची तगमग येथेच ओसरते, कारण ज्याचे म्हणणे आपण ऐकून घेतलेले नसते, तोच पक्ष रात्री झोपू देत नाही.

दोन्ही बाजू तुल्यबल ठरल्या तर? मीमांसेने विकल्प मान्य केला आहे, पण नाइलाजाने, त्यात आठ दोष मोजून. यज्ञात अर्पण करावयाच्या पिठाच्या रोटीसाठी, म्हणजे पुरोडाशासाठी, भात घ्यावा की जव, हे यजमानाने ठरवावे; परंतु भाताने आरंभ केल्यावर तो मध्येच नष्ट झाला, तर जवाकडे वळता येत नाही, भाताशी मिळतेजुळते नीवार शोधावे लागतात. आईने गावीच राहावे असे विचारान्ती ठरले आणि सोबतीची बाई महिन्याभरात काम सोडून गेली, तर दुसरी सोबत शोधावी. त्याच रात्री आईचे सामान बांधावयास घेऊ नये.