बाटलीतली नर्मदा

कीर्तनकार गीतेच्या तिसऱ्या अध्यायाशी आले की हटकून आरसाच घेतात. तिथे दृष्टान्त तीन आहेत: धुरानं झाकलेला अग्नी, मळानं झाकलेला आरसा, वारेनं वेढलेला गर्भ. पण आरसा सोयीचा. पुसला की काम झालं.

शंकराचार्यांना ही सोय मंजूर नव्हती. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्याच सूत्रावरच्या भाष्यात प्रतिपक्षी विचारतो, घासल्यावर आरसा चकाकतो तसा मोक्ष का मानू नये? आचार्य म्हणतात, नाही. क्रिया ज्यावर घडते ते बदलतं, बदलतं ते नित्य नव्हे. आणि आत्म्यावर क्रिया घडतच नाही. शैव सिद्धान्ती उलट सांगतात: मळ हा भास नसून खराखुरा पदार्थ आहे. डोळ्यातला मोतीबिंदू नुसता कळल्यानं जात नाही, काढावाच लागतो.

रांझीत राहून मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्यात उमर घालवली, त्यामुळे माझा ओढा साहजिकच शैवांकडे. वन्संच्या देवघरातली नर्मदाजलाची बाटली आतून दुधाळ झाली, तेव्हा मी सिरका कोमट करायला ठेवला. त्या म्हणाल्या, "अगं, मैया आहे ती. तिला आंबट कसलं घालतेस?"

त्यांचं चुकत नव्हतं. पावसाचं पाणी मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं आणि चुनखडी विरघळवत नदीला मिळतं. बाटलीत वर्षानुवर्षं राहिलं की वायू निघून जातो, चुना काचेवर बसतो. भेडाघाटला नावेत बसून आपण जो संगमरवर बघतो, त्याच्याच कुळातला हा थर. मी मळ म्हणून काढत होते ती नर्मदाच. गंमत अशी की काचेतही चुना असतोच, साध्या काचेत सुमारे दहावा हिस्सा. नुसती वाळू आणि सोडा वितळवले तर पाण्यात विरघळणारी काच होते. चुन्यामुळे ती टिकते. आत असला तर बळ, वर बसला तर मळ!

सिरक्यानं बुडबुडे आले, गळा स्वच्छ झाला. बूड मात्र धुरकटच राहिलं. तिथे थर नव्हताच. साचलेलं पाणी काचेतला सोडियम ओढून घेतं, आणि क्षारट झालेलं तेच पाणी मग काच खातं. त्यावर आम्ल चालत नाही. घासायचं म्हणजे काचच कमी करायची. जुन्या वस्तू विकणारे काही जण तेलाचा हात फिरवून वेळ मारून नेतात. (असे तेल लावलेले साधकही पाहिले आहेत.)

इथे दोन्ही पक्ष अडतात, कारण मळाखालची मूळ वस्तू शाबूत आहे हे दोघांनीही गृहीत धरलेलं. आचार्य सांगतील, बाटली घडवलेली आहे, झिजणारच. आत्मा म्हणजे बाटली नव्हे. पटतं. पण कर्मानं चित्त शुद्ध होतं हे त्यांनाही मान्य आहे, आणि चित्त तर घडलेलंच. वन्संचा रोजचा जप चालतो तो त्याच्यावर. ते पुसता येण्याजोगं आहे की खाल्लं गेलेलं? सिरका घालण्याआधी हे ओळखायची खूण निदान माझ्याकडे तरी नाही. ओल्या काचेवर दोन्ही डाग सारखेच दडतात.