पेंचच्या काठी खारं पाणी

संध्याकाळची कामं उरकली की जरा निवांत बसा. समुद्री माशांसाठी काचेची टाकी अजून विकत घेतलेली नाही, हे चांगलं आहे. मोबाइलवर पाहिलेले निळे दिवे, पोवळी, तो पिवळाजर्द मासा, सगळं थोडा वेळ बाजूला ठेवू आणि फक्त पाण्याचा विचार करू.

तुम्ही पारशिवनीचे. नवेगाव खैरीचं धरण तुमच्याच तालुक्यात आहे आणि तिथून कालव्यानं गेलेलं पेंचचं पाणी नागपूर शहर पितं. धरणाखाली सुटलेलं पाणी कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एक होऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. मनानं या पाण्याबरोबर चालत राहा. वाटेतल्या खडकांतून ते थोडे क्षार सोबत घेतं, इतके थोडे की जिभेला कळत नाहीत. समुद्रावरून पाणी वाफ होऊन निघून जातं, क्षार मागे राहतात. कोट्यवधी वर्षं हे चाललं आहे. आज समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात.

हे ३५ ग्रॅम मनात धरा. २०० लिटरच्या टाकीला सात किलो लागतील. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही; त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बाकीचे क्षार नसतात. दुकानातून मरीन सॉल्ट आणायचं आणि आरओच्या पाण्यात विरघळवायचं. बोअरचं जड पाणी नको, कारण त्यात आधीच काय काय विरघळलेलं आहे ते आपल्या हातात नसतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरलं की क्षार किती ते दिसतं. हे छोटं यंत्र मासा आणण्याच्या कितीतरी आधी घरात हवं.

आता डोळे मिटून दोन मासे मनात आणा. एक आपल्या तळ्यातला मरळ. त्याच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून पाणी आपोआप त्याच्या अंगात शिरत राहतं आणि त्याला ते सतत बाहेर टाकावं लागतं. दुसरा समुद्रातला क्लाउनफिश. त्याच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सतत पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. चहूबाजूंनी पाणी असूनही त्याला रोज आपलं पाणी राखावं लागतं. त्या ३५ ग्रॅमचे अचानक ४० झाले तर त्याच्या शरीरावर काय ओढवत असेल, याचा विचार टाकी निवडताना नक्की करा.

कारण पारशिवनीत ३५ चे ४० व्हायला वेळ लागत नाही. नवतपा आठवा. बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत. उन्हाळ्यात माठ जसा पाझरून पाणी गार करतो, तशीच टाकीही पाणी उडवून स्वतःला थोडी गार करते. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी वरून घालायचं. खारं घातलं तर मीठ वाढतच जाईल. समुद्र खारा कसा झाला, हे आपल्या बैठकीतल्या काचेत आठवड्याभरात दिसतं. मला या छंदातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

पहिली टाकी किती मोठी घ्यायची, याचं उत्तर इथूनच मिळतं. नवखा माणूस म्हणतो, आधी छोटी घेऊन पाहू. खाऱ्या पाण्यात हे उलटं आहे. ४० लिटरच्या टाकीतून दोन लिटर उडाले तर ३५ चे जवळपास ३७ होतात. २०० लिटरमधून तेवढेच उडाले तर ३५.४ सुद्धा होत नाहीत. मोठं पाणी आपल्याला चूक सुधारायला वेळ देतं. २०० लिटरच्या टाकीत पाण्याचंच वजन २०० किलोंच्या वर, त्यावर काच, दगड, स्टँड. म्हणून ती तळमजल्यावर ठेवावी, पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, ओल न आलेल्या भिंतीलगत. घरात तशी जागा कुठे आहे, ते आत्ता उठून पाहून या. मी थांबतो.

उष्णतेचा प्रश्न मात्र पंख्यानं सुटत नाही. या माशांना २४ ते २७ अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा आधीच कमी असतो. घरात कूलर सुरू असला तर हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा परिणाम घटतो. मे महिन्यात चिलर लागेल किंवा खोलीत दिवसरात्र एसी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर. चिलरचे पैसे आत्ता नसतील तर मीठही आणू नका, असं माझं ठाम मत आहे. एक वर्ष गोड्या पाण्याची टाकी सांभाळा. तेवढ्या काळात पैसेही जमतील.

आणि लाइन गेली तर? पंप थांबतो, पाणी हलत नाही, प्राणवायू उतरू लागतो. इन्व्हर्टरवर किमान एक पंप हवा. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरची जिवंत पोवळी लंडनला घरी नेली. तेव्हा वीज नाही, पंप नाही. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची, रोज. पोवळी जगली. समुद्रापासून दूर समुद्राचं पाणी राखण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयोग. पुस्तकांत नाव राहिलं बाईंचं, पण तो हात मला जास्त आठवतो. तुमच्या घरी तो हात कोणाचा असेल?

टाकी भरली, दगड रचले, पाणी फिरू लागलं, तरी मासा आणायचा नाही. इथे खरी बैठक सुरू होते. टाकीत थोडा अमोनिया घालायचा आणि वाट पाहायची. दगडांच्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. चार ते सहा आठवडे जातात, कधी जास्त. रोज टाकीसमोर बसा. काहीच दिसणार नाही. टेस्ट किटचा रंग मात्र हळूहळू बदलेल. अमोनिया चढेल, उतरेल. मग नायट्राइट चढेल, उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि तिथे टिकले, म्हणजे पाणी जीव सांभाळायला तयार झालं. समुद्री पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि त्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून या वाट पाहण्यात सवलत नाही.

पोवळ्यांबद्दल थोडक्यात. आपल्या समुद्रातल्या खडक बांधणाऱ्या पोवळ्यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोणी दुकानदार आपल्या समुद्रातला जिवंत दगड किंवा पोवळं देऊ लागला तर हात जोडून नको म्हणा. कोरडे, कृत्रिम दगड पुरेसे होतात.

राहिला मासा. समुद्री शोभेच्या माशांपैकी बहुतेक अजूनही समुद्रातूनच पकडले जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या काही भागांत त्यांना सायनाइडनं गुंगवून पकडतात. काचेत ते सुंदर दिसतात आणि त्यांतले बरेच काही दिवसांनी मरतात. क्लाउनफिश मात्र टाकीतच जन्मलेला मिळू शकतो. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या प्रजननाचं तंत्र बसवलं. आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभी राहिली. तेव्हा नागपूरच्या दुकानात भाव विचारण्याआधी विचारा, हा मासा जन्मला कुठे? नीट उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हातानं परत या. टाकी तोवर तशीच चालत राहील.

मिळालं तर दोनच आणा, एक मोठं पिल्लू, एक लहान. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्यानं राहतात त्या समुद्रफुलाची गरज नाही, ते नवख्याला झेपतही नाही. क्लाउनफिश आधी नर असतात. दोघांतलं मोठं पुढे मादी होईल आणि जोडी जमेल. नीट सांभाळले तर ते दहा वर्षं सहज जगतात, काही वीसच्या पुढे. आजच्या सालात वीस मिळवा, मग स्वतःच्या वयात आणि मुलांच्या वयात. त्या साली दिवाळीला सगळे गावाला गेलेले असताना टाकीत रोजचं गोडं पाणी कोण घालेल, ते आज रात्री जेवताना घरच्यांना विचारा.