परिचारिकेचा वेळ कोणाचा?

कालाचा सदुपयोग कसा करावा, हा उपदेश करणारांची आपल्याकडे कधीच वाण पडलेली नाही. विद्यार्थ्यास, कारकुनास, गृहिणीस तो सारखाच केला जातो, आणि बहुधा हितकरही असतो. कारण वेळ दवडणारा नुकसान करतो ते मुख्यतः स्वतःचेच. परंतु रुग्णपरिचर्येच्या व्यवसायात वेळेची वाटणी हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही; तो नीतीचा प्रश्न होतो.

वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावची एखादी मुलगी परीक्षा उत्तीर्ण होऊन मोठ्या रुग्णालयात नुकतीच रुजू झाली आहे, अशी कल्पना करू. गावी कामाची वेळ ठरे ती पावसावर आणि कापसाच्या बोंडांवर. येथे ती ठरते घड्याळाच्या काट्यावर. रात्रीचे दहा वाजले आहेत. औषधे द्यावयाची आहेत. एकाची सलाईन संपत आली आहे, दुसऱ्यास थंडी भरून ताप चढला आहे, तिसऱ्याचे नातलग डॉक्टरांची चौकशी करीत मागे लागले आहेत. इतक्यात कोपऱ्यातील खाटेवरचा म्हातारा हात धरून म्हणतो, "जराशी बस वं माय." ती बसली, तर दहाचे औषध अकराला जाणार. आणि ते तसे गेले, तर नोंदवहीत तिने कोणता आकडा लिहावा?

हा शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. अमेरिकेत एके काळी ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत प्रत्येक औषध दिले पाहिजे, असा दंडक होता. २०१० साली तेथे सुमारे १८,००० परिचारिकांची मते मागविली, तेव्हा या दंडकापायी तपासणी गाळावी लागते आणि वेळेच्या नोंदीही खऱ्या राहत नाहीत, अशी कबुली पुष्कळींनी दिली. पुढच्याच वर्षी नियम बदलला. ज्या औषधास उशीर खपत नाही ते निराळे काढून इतरांस अधिक सवड देण्यात आली. यावरून घ्यावयाचा बोध असा, की अशक्य नियम माणसास तत्पर करीत नाही, खोटे बोलावयास मात्र शिकवितो.

यावर कोणी म्हणेल, 'जुन्या परिचारिका हेच काम निभावतात. नवीनांच्या अंगी व्यवस्थितपणा नाही, इतकेच.' यात तथ्य आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण याच विषयास वाहिले असून, आपण समोर नसतानाही काम यथास्थित व्हावे अशी तजवीज करणे हे परिचर्येचे मर्म मानले आहे. पण ही हातोटी उपजत नसते. पॅट्रिशिया बेनर या विदुषीने १९८४ साली दाखवून दिले, की एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे घालविल्यावर परिचारिकेस कामाचा अग्रक्रम नीट लावता येऊ लागतो. मग त्या दोन-तीन वर्षांचा भार एकट्या मुलीने वाहावा काय? आमच्या मते तो तिच्या वडीलधाऱ्या सिस्टरांनी, रुग्णालयाने आणि आपण सर्वांनी वाटून घ्यावयाचा आहे.

तिचे स्वतःचे कर्तव्य त्यामुळे सुटत नाही. जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आधी न जाता, ज्याची निकड अधिक त्याच्याकडे आधी जाणे, हा तिचा न्याय. म्हाताऱ्यास "आलेच" असे म्हणून विसरून जाण्यापेक्षा, "आजोबा, औषधे वाटून झाली की येते," असे सांगणे व खरोखरच येणे, हे तिचे सत्य. आणि अकराला दिलेल्या औषधापुढे अकराच लिहिणे, हे तिचे धैर्य.

रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली निघालेल्या पुणे सेवासदनाने मुलींस परिचर्येच्या शिक्षणास प्रवृत्त केले, तेव्हा आपल्यासारख्याच घरांतून नाके मुरडली गेली. तो तिटकारा आता पुष्कळ ओसरला आहे. या मुली आता आपल्याच घरांतून जातात. पण रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आपणा नातलगांचा उतावीळपणा मात्र ओसरलेला नाही. आपल्या एका हाकेने ती कोणत्या खाटेवरून उठून आली, हे आपण कधी विचारतो काय? तिच्या नोंदवहीतील 'अकरा' हा आकडा वाचून कोणी रागावण्यापूर्वी, त्या एका तासात तिच्याकडे किती हात पसरले होते, हे मोजून पाहावे. तेवढे आपल्याकडून झाले, तर तिला खरे लिहिणे पुष्कळ सोपे जाईल.