घाई कोणाची, संकट कोणावर?

अर्जुनी मोरगांवच्या भागांत इटियाडोह धरणाचें पाणी पोहोंचतें तेथें शेतकरी वर्षांत धानाचीं दोन पिकें काढतो. शेताविषयीं तो सुज्ञपणाच होय. परंतु स्त्री म्हणजे शेत नव्हे. तरीही सिझेरियननें प्रसूत झालेल्या सुनेस, विशेषेंकरून पहिली मुलगी असल्यास, वर्षाच्या आंत दुसऱ्या बाळाविषयीं विचारणारीं घरें आहेत. ही घाई न्याय्य आहे काय?

वाचकहो, त्या शस्त्रक्रियेंत केवळ पोटाची कातडी कापीत नाहींत. गर्भाशयाची भिंतही कापून शिवावी लागते. बाहेरची जखम कांहीं आठवड्यांत भरते, म्हणून सासूबाईंस सून बरी झालीसें वाटतें. आंतला व्रण पक्का होण्यास पुष्कळ महिने लागतात. तो कच्चा असतां पुन्हां कळा आल्या, तर क्वचित् का होईना, गर्भाशय त्या जागीं फाटतें, आणि माता व बालक दोघांचाही जीव धोक्यांत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २००५ सालीं, कोणत्याही प्रसूतीनंतर पुढील गर्भ राहण्यापूर्वीं निदान २४ महिने जाऊं द्यावे, असें सुचविलें. जिच्या गर्भाशयावर टांके आहेत तिनें तर तें अधिकच पाळावें.

कोणी म्हणेल, लेकरूं देणारा देव आहे, मध्यें आपण कोण? हें बोलणें आम्हांस धार्मिक वाटत नाहीं. कारण बोलणाऱ्यास बहुधा कांहींच सोसावें लागत नाहीं. जिच्या देहावर संकट, तिच्या होकारावांचून घाई करण्याचा अधिकार नवऱ्यासही नाहीं. निरोध वापरण्याचें कर्तव्य मात्र त्याचें आहे.

मुंबईस विल्सन कॉलेजांत, म्हणजे मिशनच्याच विद्यालयांत, गणित शिकविणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढलें. १९२५ सालीं त्यांस ती नोकरी सोडावी लागली. तेव्हां जें लज्जास्पद ठरलें, तें आज सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें: तांबी, तीन महिन्यांचें ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी. तांबी शस्त्रक्रियेच्याच वेळीं बसवितां येते. पण त्या बाईस आधीं विचारून.

गर्भ लवकर राहिलाच, तर तिला दोष देऊं नये. आशाताईंकडे ताबडतोब नांव नोंदवावें, पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद डॉक्टरांस दाखवावा, आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय आधींच ठरवावें. कळा सुरू झाल्यावर निघून वेळेवर गांठावें इतकें गोंदिया अर्जुनीहून जवळ नाहीं.