धुळीचा भत्ता

मागण्यांच्या कागदावर तिसऱ्या नंबरला लिहिलं होतं, 'फेटलिंग खात्यातल्या कामगारांचा धुळीचा भत्ता दुप्पट करावा.' मी म्हणालो, ही मागणी खोडा. पोरं भडकली. एकजण तोंडावरच म्हणाला, "दादा, तुम्ही नोकरीवाले झालात, तुम्हाला आता भत्ता कशाला लागतोय." बैठक तिथंच मोडली. रात्रभर झोप लागली नाही. कारण त्या पोराचं म्हणणं अर्धं खरं होतं. माझं शिक्षण, माझी नोकरी त्याच भत्त्यातून आलीय. बैठकीत जे बोलायला जमलं नाही ते इथं लिहितो.

ज्यांनी फाउंड्री आतून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं. साच्यात ओतलेलं लोखंड थंड झालं की साचा फोडतात. आतून जॉब निघतो तो वेडावाकडा. अंगाला जळकी वाळू चिकटलेली, कडेला लोखंडाची शिंगं फुटलेली. ती शिंगं तोडायची, ग्राइंडरवर घासून जॉब गुळगुळीत करायचा, हे फेटलिंग. बघणाऱ्याला ठिणग्या दिसतात. ठिणगीनं फार तर हात भाजतो. माणूस मरतो तो न दिसणाऱ्या धुळीनं. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारा कण ५ मायक्रॉनच्या आतला. नाकातले केस त्याला अडवत नाहीत, खोकून तो निघत नाही. फुफ्फुसातल्या पेशी त्याला गिळतात आणि गिळून तिथंच बसतात.

आमचे आबा १९७४ साली कोल्हापूरच्या बाजूच्या एका फाउंड्रीत लागले. वतनं १९५८ च्या कायद्यानं कागदावर संपली होती, पण गावाच्या डोक्यातनं संपली नव्हती. मेलेलं ढोर ओढायला बोलावणं यायचंच. आबा गेले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापासून रानातली मजुरी बंद. मग शहर. मशीनशॉपला जागा नव्हती, फेटलिंगला होती. फेटलिंगला कायमच जागा असते.

आबा खूश होते, हे मला लपवायचं नाही. हसत म्हणायचे, "आरं, तितं सगळीच काळी. धुळीत मराठा कोन न् म्हार कोन, वळकूच येत न्हाई." गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याला कारखान्यातल्या धुळीनं माणसांत घेतलं. या आनंदाला मी खोटा कसा म्हणू? पण आबांनी एक मोजलं नव्हतं, ते मी मोठा झाल्यावर मोजलं. आमच्या वस्तीतली जी माणसं त्या पट्ट्यात कामाला होती, त्यातली बहुतेक फेटलिंग, वाळू आणि भट्टी या तीन ठिकाणी. पॅटर्नशॉपला, स्टोअरला, टाइम ऑफिसला आमचं कुणी नाही. हे माझ्या पाहण्यातलं सांगतो, सरकारी आकडे म्हणून नाही. आता त्याच जागांवर ठेकेदाराची माणसं आहेत, बिहार-ओरिसाकडची पोरं. त्यांची आडनावं विचारा एकदा.

पाळी सुटताना फेटलिंगवाल्यांना गुळाचा खडा मिळायचा. गुळानं छातीतली धूळ निघते, असं मालक सांगायचा, सुपरवायझर सांगायचा, शेवटी कामगारच एकमेकांना सांगायला लागले. गूळ अन्ननळीनं जातो, धूळ श्वासनळीनं, एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं. धूळ ओढणारा पंखा बसवायला पैसे लागतात, जॉब ओला करून घासायचा तर वेळ लागतो. गूळ स्वस्त. आणि आबा तो खडा खायचेच नाहीत. खिशातून घरी आणायचे, आम्हा भावंडांसाठी. त्याच्यावर काळ्या बोटांचे ठसे असायचे. आम्ही भांडून खायचो.

१९९२-९३ पासून खोकला लागला. आधी टीबी म्हणून नऊ महिने औषध. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी औषध चालूच, कारण एक्सरेत छातीभर ठिपके. मग मोठ्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "बाबा, काम काय करता?" वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं हेच सांगितलंय की रोग्याला त्याचा धंदा विचारत जा. म्हणजे हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचायला जवळजवळ तीनशे वर्षं लागली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नुसती लोखंडाची धूळ असेल तर त्याला सिडेरोसिस म्हणतात. लोखंड जड, म्हणून एक्सरेत ठिपके ठळक दिसतात, पण माणसाला त्रास कमी. काम सोडलं तर काही ठिपके हळूहळू पुसटही होतात. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला निरुपद्रवी म्हणतात. पण फाउंड्रीत नुसतं लोखंड कुठं असतं? जॉबला चिकटलेली वाळू असते, वाळूत सिलिका, आणि सिलिकानं फुफ्फुसाला जे वण पडतात ते परत भरून येत नाहीत. काम सोडल्यावरही रोग वाढत राहतो. हत्यारांना धार लावणाऱ्यांचं आणखी वेगळं. त्या कठीण धातूत कोबाल्ट असतो, आणि तो एखाद्याला थोड्या काळात धरतो, शेजारच्याला वीस वर्षं धरत नाही. वेल्डिंगचा धूर तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला.

निरुपद्रवी हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. कुणाला निरुपद्रवी? फॅक्टरी कायदा १९४८ चा, आणि आबाही त्याच सालचे. त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात डॉक्टरनं सरकारला कळवायलाच पाहिजेत अशा रोगांची यादी होती. सिलिकोसिस त्यात होता. सिडेरोसिस नव्हता. २०२० ला संसदेनं या कायद्याची जागा घेणारी नवी संहिता मंजूर केली. पण यादीत नाव असलं तरी ते लिहिणारा हात पाहिजे. आबांच्या कागदावर शेवटपर्यंत टीबी राहिला. टीबी झाला तर दोष वस्तीचा, गरिबीचा, आमच्या राहणीचा. सिलिकोसिस झाला तर दोष कारखान्याचा. एका शब्दानं गुन्हेगार बदलतो.

आबा १९९७ ला गेले. एकोणपन्नास वर्षांचे होते. हिशेब आणायला गेलो तेव्हा साहेब सौम्यपणे बोलला, शिवीगाळ नाही काही नाही. "तुमच्या वडिलांनी फेटलिंग स्वतः मागून घेतलं होतं. भत्ता जास्त होता ना. मास्क दिला होता, ते वापरायचे नाहीत."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच मला उत्तर देता आलं नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मी इतकी वर्षं उरावर घेऊन फिरतोय. माणसानं स्वतः होऊन धोका पत्करला, पैसे घेतले, तर दोष कुणाचा? नीतीची पुस्तकं लिहिणारे म्हणतील, संमती होती. मी म्हणतो, संमतीच्या आधी काय होतं ते बघा. एका हाताला मेलेलं ढोर, दुसऱ्या हाताला ग्राइंडर. यातून ग्राइंडर निवडला म्हणून तो स्वतंत्र माणूस झाला का? १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी जी गोष्ट मांडली ती आपण घोषणेसारखी पाठ म्हणतो, की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. त्यांच्या मांडणीतला पुढचा भाग आपण विसरतो. त्या विभागणीत माणसाच्या आवडीला, कुवतीला जागाच नाही, काम जन्माआधी ठरलेलं. साहेबाच्या वहीत संमती आहे. पण कुणापुढं कुठली दोन कामं ठेवायची हे त्या वहीच्या बाहेर, हजार वर्षं आधी ठरलंय.

आणि मास्कचं. आबांना नगावर पैसे होते. कापडाचा मास्क तासाभरात घामानं भिजतो, श्वास ओढला जात नाही, हात सावकाश चालतो, नग कमी पडतात. मास्क घातला तर पैसे कमी, नाही घातला तर छाती. मालकानं मास्क दिला आणि सोबत असा दर दिला की मास्क वापरणं परवडू नये. उजव्या हातानं दिलं, डाव्या हातानं काढून घेतलं, आणि वहीत फक्त उजवा हात लिहिला.

गिरणगावातली गोष्ट तुम्हाला माहीत असेल. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडानं ओढायचे, म्हणून अस्पृश्याला तिथं प्रवेश नाही. पगार जास्त तिथंच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला. विटाळ ओठाला होत होता, छातीला कुणी विचारलं नाही. एकमेकांची थुंकी चालायची नाही, पण कापसाची धूळ कुणी खायची हे ठरलेलं.

आता भत्त्यावर येतो. धुळीचा भत्ता म्हणजे काय? मालक म्हणतो, धूळ राहील, तू ती खा, खाण्याचे पैसे घे. मला यात वतन दिसतं. वतनातही मोबदला होता, बलुतं होतं, कधी इनामाचा तुकडा होता. त्या तुकड्याच्या आशेनंच आपली माणसं त्या कामाला चिकटून राहिली, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ ला कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. तेव्हा आपल्यातल्याच काहींना वाटलं, हा माणूस आपल्या तोंडचा घास काढतोय. भत्ता दुप्पट झाला की पंखा बसवायची मागणी कोण करणार? पंखा बसला तर धूळ जाईल, धूळ गेली तर भत्ता जाईल.

हे मी कल्पनेनं म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात शेफील्डला सुऱ्या-काटे घासणारे कारागीर होते. कोरड्या दगडावर घासणारे जेमतेम पस्तिशीपर्यंत जगायचे, असं एंगल्सनं १८४५ च्या पुस्तकात नोंदवलंय. धूळ अडवायच्या युक्त्या तेव्हाही निघाल्या होत्या. काही कामगारांनीच त्यांना विरोध केला. काम सुरक्षित झालं तर जास्त माणसं या धंद्यात येतील आणि मजुरी उतरेल, ही भीती. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. मरण हेच त्यांचं भांडवल होतं, ते हातचं कसं सोडणार?

मग त्या पोराचं काय? त्याचं नाव लिहीत नाही. चोवीस वर्षांचा आहे, ठेकेदाराकडं, घरात आई आणि दोन बहिणी. परवा पुन्हा भेटला. हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, पटलं. पण पंखा बसायला किती वरसं? तवर भत्ता नको म्हनू? तुमच्या आबांनी नको म्हटलं असतं तर तुम्ही शिकला असता का?"

खडा मी खाल्लाय. त्याला नको म्हणायचा हक्क मला नाही.

शेवटी दोघांनी बसून कागद पुन्हा लिहिला. भत्त्याची मागणी राहिली, पण खाली गेली, आणि तिच्यापुढं जोडलं, 'धूळ ओढणारी यंत्रणा बसेपर्यंत'. त्याच्या वर तीन ओळी आल्या. नगावरचा दर बंद करून दिवसाचा पगार. दर वर्षी एक्सरे आणि श्वासाची तपासणी, तिचा कागद कामगाराच्या हातात. ठेकेदाराच्या माणसांनाही तेच. गुळाबद्दल काय लिहायचं यावर थोडा वाद झाला. तो म्हणाला, राहू दे, घरी बहिणी वाट बघत्यात. ती ओळ आम्ही कोरी ठेवलीय.

रविवारी बैठक आहे, संध्याकाळी सातला, विहारात. ज्यांच्या घरी खोकला आहे त्यांनी जुने एक्सरे घेऊन या. कुठल्या खात्यात किती वर्षं काम केलं, ते पाकिटाच्या मागं लिहून आणा.