लंडनहून, पण कोणासाठी?

एका परिसंवादात एका ज्येष्ठ संपादकांनी ठासून सांगितलं, की समाजाचं खरं चित्र परकाच काढू शकतो. दाखला दिला तो लंडनमध्ये राहून अमेरिकेसाठी लिहिणाऱ्या पत्रकारांचा. टाळ्या पडल्या. मला हे विधान मुळातून खोडावंसं वाटतं, कारण परदेशाविषयीचं आपलं मराठी लेखनही याच समजुतीवर पोसलं गेलं आहे.

सारा लायल १९९०च्या दशकाच्या मध्यापासून २०१३पर्यंत 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी लंडनहून लिहीत होत्या. नवरा इंग्रज, संसार तिथलाच, लेखणी धारदार. तरी २००८च्या त्यांच्या 'द अँग्लो फाइल्स'मध्ये भेटतात ते उमराव, क्रिकेट, मद्यपान आणि खराब दात. अमेरिकन वाचकाच्या मनात इंग्लंड आधीपासून असंच असतं; पुस्तक ते अधिक रेखीव करतं. परकेपणानं नजर मोकळी होते, हे मान्य. पण मायदेशचा वाचक काय मागतो, याकडे ती लवकरच वळते.

पत्रकार हेदर ब्रुक यांची नजर मात्र तशी वळली नाही. आई-वडील ब्रिटिश, पण पत्रकारिता शिकल्या अमेरिकेत. तिथे वॉशिंग्टन राज्यात आमदारांच्या खर्चाची कागदपत्रं मागितली की पाहायला मिळत. ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्यावर त्यांनी खासदारांच्या भत्त्यांचे तपशील मागितले, आणि संसदेनं दार लावून घेतलं. अशा नकाराकडे 'इंग्रजांचा गुप्ततेचा स्वभाव' म्हणून पाहिलं असतं, तर अमेरिकन मासिकाला एक खुमासदार लेख मिळाला असता. ब्रुक यांनी तो नकार नागरिकावरचा अन्याय मानला. माहिती अधिकाराचा ब्रिटिश कायदा जानेवारी २००५मध्ये लागू झाला. त्याच वर्षी आपलाही झाला, म्हणून मराठी वाचकाला ही लढाई परकी वाटू नये. माहिती आयुक्त, न्यायाधिकरण, उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत २००८मध्ये त्या जिंकल्या. अधिकृत यादी बाहेर पडण्याआधीच, मे २००९मध्ये, फुटलेली माहिती 'डेली टेलिग्राफ'नं छापली. खंदक साफ करण्याचा खर्च आणि बदकांच्या तरंगत्या घरासाठी केलेली मागणी लोकांनी वाचली. सभापती मायकेल मार्टिन यांना जावं लागलं. १६९५नंतर अशी वेळ कुठल्याच सभापतीवर आली नव्हती. पुढे काही लोकप्रतिनिधी तुरुंगातही गेले.

इथवर माझं म्हणणं सरळ होतं : ज्या देशाविषयी लिहायचं, त्या देशासाठीच लिहावं. पण दुसऱ्या महायुद्धात लंडनहून रेडिओवर बातम्या देणारे अमेरिकन वार्ताहर एडवर्ड मरो आडवे येतात. ते तर निव्वळ अमेरिकन श्रोत्यांसाठीच बोलत होते. २४ ऑगस्ट १९४०च्या रात्री ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन चर्चच्या पायऱ्यांजवळ त्यांनी मायक्रोफोन जमिनीलगत धरला, आणि हवाई हल्ल्यापासून आश्रय घ्यायला निघालेल्या माणसांची पावलं अमेरिकेतल्या घराघरांत वाजली. त्या पावलांत घाई नव्हती. तेव्हा अमेरिका युद्धाबाहेर होती, आणि ब्रिटनला मदत करायची की नाही हे ऐकणाऱ्यांनाच ठरवायचं होतं. त्यांना लंडनची मौज नको होती, माहिती हवी होती. तेव्हा वाचक कुठे बसला आहे यानं फारसं बिघडत नाही. त्या मजकुरावर त्याचं काही अवलंबून आहे का, हे मी आता आधी पाहीन.

आपल्याकडेही याचा दाखला आहे. सावरकर १९०६पासून लंडनहून 'विहारी' आणि 'काळ' या मराठी पत्रांसाठी बातमीपत्रं पाठवत. त्यांच्या वाचकांचं आयुष्य लंडनमधल्या निर्णयांवर ठरत होतं, त्यामुळे ती पत्रं नुसत्या कुतूहलानं वाचली जाणं शक्यच नव्हतं.

आज लंडनहून येणारा मराठी मजकूर बराचसा बर्फ, संग्रहालयं आणि तिथला गणेशोत्सव यांतच रमतो. इकडे पुण्या-नाशिकचे पालक कर्ज काढून मुलांना तिकडे शिकायला पाठवत आहेत. विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, वर्षाला ७७६ पौंड. एवढ्या पैशांत त्याला कोणती सेवा वेळेवर मिळते? परदेशी विद्यार्थ्यांच्या भरमसाट शुल्कावर विद्यापीठं किती विसंबून आहेत? तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी पत्रकारानं हे हिशेब मागावेत आणि इथे छापावेत. तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करायला ब्रिटिश नागरिक असण्याचीही अट नाही.