उलटी मोजणी



अशी कल्पना करा, की अमेरिकेत सातवीत शिकणारी एक मुलगी आठवडाभर फ्रान्समधल्या शाळेत पाहुणी म्हणून गेली आहे. पहिला गोंधळ होतो तो आकड्यांचा. 11 ते 15 वयाच्या मुलांच्या शाळेला तिथे 'कोलेज' म्हणतात आणि इयत्ता मोजतात उलट्या. आधी सहावी, मग पाचवी, चौथी, तिसरी! म्हणजे ही सातवीतली पाहुणी जाऊन बसणार पाचवीत. दोन यत्ता खाली ढकलल्यासारखं वाटत असेल बिचारीला.

गुण 20 पैकी. शेजारच्या मुलाला 14 मिळाले म्हणून तो खूश, आणि ही मनातल्या मनात हिशेब करते : सत्तर टक्के, आमच्याकडे जेमतेम 'सी'. वहीचं पानही निराळंच. 8 मिलिमीटरचे चौकोन आणि त्यांत आणखी बारीक आडव्या रेघा, अक्षराची उंची सांभाळायला. मोबाइल दप्तरातच, 2018 च्या कायद्याने शाळेत त्याच्या वापराला बंदी आहे.

पण खरी गंमत जेवणाच्या सुट्टीत. आधी कोशिंबीर, मग गरम पदार्थ, मग चीज, शेवटी फळ. सोबत पाव. अमेरिकेतल्या शाळेत वीस-पंचवीस मिनिटांत डबा संपवून पळायची सवय, त्यामुळे हिचं ताट केव्हाच रिकामं. बाकीच्यांच्या गप्पा मात्र अजून चीजपर्यंतच आल्या आहेत. शेवटी तीही पावाचा आणखी एक तुकडा घेते, आणि बसते.